रंगाखालची भेग

पूर ओसरल्यावर दोन दिवसांनी मी शाळा उघडायला गेले, तर कुलपात चिखल भरलेला. किल्ली आत जाईना. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी दगडाने कुलूप फोडलं. दार ढकललं, तर तेही हलेना, कारण आतून गाळ टेकला होता. चौघांनी खांदा लावला तेव्हा कुठे माणूस तिरपा होऊन आत जाईल एवढी फट झाली. आत पोटरीपर्यंत काळा गाळ, त्यात रुतलेल्या सतरंज्या आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला पाण्याची रेघ. पोषण आहाराच्या तांदळाची पोती फुगून फाटली होती. त्या वासाने मी पदर नाकाला लावला. फळ्यावर शनिवारचा सुविचार होता, त्याची वरची ओळ तेवढी शिल्लक राहिली होती. काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही, पण ती वाचून मला विलक्षण चीड आली एवढं आठवतं.

गाव महागाव तालुक्यातलं, नाल्याच्या काठचं. एका अंगाला कापूस-सोयाबीनवाल्यांची वस्ती, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा, आणि शाळा दोघांच्या मधोमध. जागा ठरवताना भांडण नको म्हणून मधली धरली असणार. मधली म्हणजे सगळ्यात सखल, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल तरी भांडणापेक्षा पाणी परवडलं असेल. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकाची टिनाची शेड. दुसऱ्या सरांची बदली झाल्यापासून मी एकटीच होते. मुख्याध्यापिका मी, शिक्षिका मी, घंटाही मीच वाजवायची. मुलं एकोणीस.

पाणी रविवारी दुपारी चढलं. "इतवार होता म्हणून बरं, मॅडम," हे वाक्य पुढचे पंधरा दिवस मला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी शेवटी मी नुसती मान हलवायची. बरं होतंच ते. पण दर वेळी ऐकताना मनात यायचं, सोमवार असता तर? आणि मग त्या दिवशी रात्रीचं जेवण जायचं नाही.

शाळा काही दिवसांसाठी तांड्याच्या समाजमंदिरात हलवली. तिथे सिमेंटची पोती होती, कुणाचं तरी फवारणीचं सामान होतं, आणि दर तासाला एक शेळी पाढे ऐकायला यायची. एकोणीस मुलं चार इयत्तांची, एकाच चौकात. बोलून बोलून घसा बसला. पण खरी काळजी वेगळीच होती. महागावच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आधी फाट्यावर थांबायची, ती आता गावात येऊ लागली होती. पूर आला त्या आठवड्यात पहिल्यांदा आली. गाडीवाल्याचा काय दोष? आमची शाळा बंद होती आणि लोकांना मुलं शिकवायची होती. पट आणखी घसरला तर आमच्यासारख्या शाळेचं काय होतं, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नाही. शाळा पलीकडच्या गावात मिसळून टाकतात, आणि मग नाला ओलांडून कोण पाठवणार पहिलीतल्या पोरीला? म्हणजे मला इमारत लवकर उघडायची होती. नुसती उघडायची नव्हती, उघडली आहे असं दिसायलाही हवं होतं. माझी चूक त्या दिसण्यात झाली.

सफाईला सगळं गाव आलं, हे मी कधी विसरणार नाही. ज्यांची स्वतःची शेतं गाळाखाली होती ती माणसं फावडं घेऊन शाळेत आली. बायांनी गाळ ओला आहे तोवरच ओढून बाहेर काढला. वाळला असता तर लोखंडी सब्बलीनेही निघाला नसता. कपाटामागे दोन साप निघाले. मी विजेच्या बाबतीत कुणाचंही ऐकलं नाही. पंखा लावून खोली वाळवू म्हणणाऱ्यांना बाहेर काढलं, मेन स्वीच बंद करून त्याला दोरी बांधली आणि महागावहून वायरमन आणून सगळं वायरिंग उखडायला लावलं. हातपंपात औषध टाकून घेतलं, पाणी तपासून येईपर्यंत मुलांना घरून बाटल्या आणायला सांगितल्या. हे सगळं मी नीट केलं. आजही म्हणते, नीट केलं. चुकले ती भिंतीत.

आमच्याकडे पंधरा ऑगस्टच्या आधी शाळा रंगवायची पद्धत आहे. वर चुना, खाली गेरूचा पट्टा, दारावर पताका. त्या वर्षी चुन्याने भागणार नव्हतं, कारण पाण्याची रेघ चुन्यातूनही डोकावत होती. अध्यक्ष शहरात गेले आणि ऑइल पेंटचे डबे घेऊन आले. खाली गर्द निळा, वर पिवळा. हा माणूस वागायला तिखट, पण शाळेवर जीव. त्यांची मुलगी तिसरीत होती, माझ्या सगळ्यात बडबड्या विद्यार्थिनींपैकी एक. ते स्वतः शिडीवर चढले, तीन दिवस ब्रश सोडला नाही.

पूर्वेकडच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत एक तिरपी भेग गेली होती. रुपयाचं नाणं आडवं करून सरकवलं तर अर्धं आत जाईल एवढी. पुराआधी ती होती की नव्हती, कुणी छातीठोक सांगेना. मी अध्यक्षांना म्हटलं, "भाऊ, ती भेग तेवढी बुजवून घ्या. वाईट दिसते."

माझेच शब्द. त्यांनी सिमेंट भरलं, वर पुट्टी ओढली, वर निळा रंग मारला. भिंत अशी गुळगुळीत झाली की मी तिच्यावर हात फिरवून पाहिला आणि खूश झाले.

झेंडावंदन नव्या रंगाच्या शाळेपुढे झालं. फोटो निघाले. मुलांना मी व्हरांड्यापलीकडे जाऊ दिलं नाही, कारण तालुक्याच्या अभियंत्यांनी पाहून लेखी दिल्याशिवाय खोल्या वापरायच्या नाहीत असा आदेश होता. लोकांना तो आदेश म्हणजे कागदी घोडं वाटत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं तसंच वाटत होतं. पेढे वाटून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आता कायची वाट पाहून राह्यल्या? शाळा तर नवरीवानी दिसून राह्यली."

"साहेब येऊ द्या, भाऊ. आठवडाभराचा प्रश्न आहे."

आठवड्याचे तीन आठवडे झाले. साहेबांकडे एक आमचीच शाळा नव्हती. त्या तीन आठवड्यांत पाऊस उघडला आणि ऊन असं पडलं की डोळे उघडवेनात. नाल्याकाठची काळी जमीन वाळायला लागली. आमच्या मातीचा स्वभाव सगळ्या शेतकऱ्यांना पाठ आहे. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना आकसून अशी फाटते की बैलाचा पाय अडकावा. शेतात हे प्रत्येकाला दिसतं. शाळा त्याच मातीवर उभी आहे आणि माती तिच्याखालीही आकसते आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रंग इतका छान बसला होता.

आलं ते याडीच्या डोक्यात. याडी म्हणजे आमच्याकडे पोषण आहार शिजवणारी बाई. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. मुलं तशी हाक मारायची म्हणून मीही मारायची, जरी ती माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. खिचडी अजून शाळेच्या शेडमध्येच शिजायची. सकाळी शेड झाडताना तिला पूर्वेच्या खोलीची मागची बाजू रोज दिसायची. मागच्या बाजूला रंग मारला नव्हता. तिकडून फोटो कोण काढणार होतं?

एका दुपारी खिचडीची भांडी घासून झाल्यावर तिने मला शाळेच्या मागे बोलावलं. भिंतीवर, जमिनीपासून हातभर वर, शेणमातीचे चार पट्टे लिंपलेले होते, भेगेवर आडवे. तिन्ही जुने मधोमध फाटले होते. चौथा कालचा होता, ओलसर, त्याच्याही मधून केसाएवढी रेघ गेली होती.

"हे काय, याडी?"

"आमच्या तांड्यात कुडाच्या घरात पाणी शिरलं का आमी असंच करतो. भेगेवर लेप लावाचा. लेप वाळला अन् फुटला नाई, तं भीत बसली. मंग घरात झोपाचं. फुटला तं बाहीर." तिने फाटलेल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हा पोळ्याच्या पयले लावला. फुटला. मंग हा लावला, फुटला. भीत अजून चालून राह्यली, मॅडम."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"समदे खुश व्हते," ती म्हणाली. "मले वाटलं, थांबन."

मी आत जाऊन निळ्या रंगाशी डोकं टेकवून पाहिलं. आतून काही दिसत नव्हतं. ऑइल पेंट रबरासारखा ताणून धरलेला, खाली काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नव्हता. फक्त एका जागी, अगदी जमिनीजवळ, रंगाला बारीक सुरकुती पडली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. प्रचंड कंटाळा आला. आता हे सगळं पुन्हा, असं वाटलं. मी घरी जाऊन न जेवता झोपले.

दुसऱ्याच दिवशी साहेब आले. निरोप न देता, दुपारी, मोटरसायकलवर. चेहऱ्यावरून माझ्याहून दमलेले दिसत होते. अध्यक्ष धावत आले, आणखी आठ-दहा माणसं जमली. साहेबांनी व्हरांड्यातून दोन्ही खोल्या पाहिल्या, भिंतीवर दोन ठिकाणी वाजवून पाहिलं, छताकडे मान वर केली. "छान ठेवली आहे हो शाळा," म्हणाले. मग फाइल काढली आणि दप्तराच्या टेबलावर ठेवून लिहायला लागले. इमारत वापरण्यास योग्य. फक्त सही राहिली होती. कुणीतरी त्यांच्यासाठी चहा आणला.

ते अर्धं मिनिट मला अजून टोचतं. मी गप्प बसू शकले असते. मी भिंत बांधली नव्हती, कागद साहेबांचा होता, रंग अध्यक्षांचा होता. उद्या शाळा भरली असती, पिवळी गाडी फाट्यावर परत गेली असती, गावाने मला डोक्यावर घेतलं असतं. आणि भिंत कदाचित पडलीही नसती. हा 'कदाचित' शब्द मी मनात तीनदा म्हटला. समोर व्हरांड्यात मुलं साहेबांची मोटरसायकल बघायला जमली होती.

"साहेब," मी म्हटलं, "त्या निळ्या रंगाखाली भेग आहे. आम्ही बुजवली. मीच बुजवायला सांगितली. मागून येऊन बघा, ती अजून वाढते आहे."

पेन थांबलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले, मग स्वतः रंगवलेल्या त्या भिंतीकडे बघत राहिले.

साहेब मागे गेले, याडीचे पट्टे पाहिले, खाली बसून पायाजवळची माती सब्बलीने उकरायला लावली. हातभर खाली सब्बल आपोआप आत गेली. पायाखालून माती वाहून गेली होती, तिथे नुसती पोकळी. साहेब उठले, पँटचे गुडघे झटकले. "हे कुणी लावलं?" पट्ट्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं. याडी मागे सरली. तिला वाटलं काहीतरी चुकलं. "आम्ही भेगेवर काच चिकटवतो, ती तडकली की भिंत हलते आहे समजायचं," साहेब म्हणाले, "तेच काम आहे हे."

लिहून दिलं ते असं: पूर्वेची खोली धोकादायक, पाडावी. पश्चिमेची वाचू शकते. पण आधी सगळा ऑइल पेंट खरवडून भिंती पूर्ण वाळू द्याव्यात, पायाभोवती चर खणून पाणी लांब काढावं, कडेने दगडमातीचा पक्का उतार करावा, आणि मग पुन्हा तपासणी. म्हणजे दिवाळीपर्यंत समाजमंदिरच.

साहेब गेल्यावर अध्यक्षांनी तोंड उघडलं. "आमाले तरी आधी सांगाचं, मॅडम. चार लोकांत कायले सांगतलं? आमी काय लेकरायचे दुस्मन हाओ?"

आदल्या दिवशी मला कळलं होतं आणि मी झोपून राहिले होते. तेवढं त्यांना सांगण्याइतकं त्राण माझ्यात राहिलं नव्हतं, ही माझी दुसरी चूक. सोमवारी त्यांची मुलगी पिवळ्या गाडीत बसून गेली. त्या आठवड्यात आणखी पाच गेली. एकोणीसची तेरा झाली. हजेरी घेताना मी त्या सहा नावांपाशी अडखळायची आणि मुलंच मला पुढचं नाव सांगायची.

रंग खरवडायला सफाईसारखी गर्दी नव्हती. मी, याडी आणि तांड्यातल्या दोघी. ऑइल पेंट लावायला तीन दिवस लागतात, काढायला किती लागतात ते कुणी विचारू नये. पत्रीने खरवडायचं, निळा भुगा डोळ्यांत, नाकात, केसांत. खांदे असे भरून यायचे की संध्याकाळी खडू वर उचलवायचा नाही. चौथ्या दिवशी अध्यक्ष आले. सोबत स्वतःची पत्री होती. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "रंग मीच मारला व्हता. मलेच काढू द्या." दिवसभर खरवडत राहिले. चहा घेतला, भुगा झाडून गेले. दुसऱ्या दिवशीही आले. मुलगी मात्र गाडीतच जात राहिली, आणि मी विचारलं नाही.

पूर्वेची खोली पाडायला जेसीबी आला त्या दिवशी सगळं गाव पुन्हा जमलं. मला वाटलं होतं, एक धक्का लागेल आणि भिंत कोसळेल. लोकांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. पहिल्या धक्क्याने काही झालं नाही. दुसऱ्याने प्लास्टर पडलं. चालकाने मशीन मागे घेतलं, पुढे आणलं. भिंत उभीच. मागून कुणीतरी म्हणालं, "मजबूत व्हती बे," आणि कुणीतरी हसलं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात त्या भिंतीला म्हणत होते, पड. एवढं तरी कर, पड. पाचव्या की सहाव्या धक्क्याला ती एकदम, आतल्या बाजूला, जिथे दुसरीची मुलं बसायची तिथे पडली. धूळ खाली बसल्यावर माणसं आपापल्या कामाला गेली. ती मुलं बसलेली असताना पडली असती का, याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. भिंत पडण्याची मी वाट पाहत होते याची मात्र लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दिवाळीनंतर पश्चिमेची खोली पुन्हा तपासली गेली. साहेबांनी या वेळी एक तास घालवला. चर पाहिला, उतार पाहिला, याडीने स्वतःहून आत लावलेला लेप पाहिला. महिना झाला होता, लेप अखंड होता. सही झाली. रंग नव्हता, नुसतं करडं प्लास्टर, जागोजागी निळे डाग राहिलेले. पिवळ्या गाडीतून परत कुणी आलं नाही. तेरा मुलं आणि मी.

पहिल्या दिवशी मी सतरंज्या भिंतीला धरून चारही बाजूंनी अंथरल्या, नेहमीसारख्या. मुलं आत आली, सतरंज्या उचलल्या आणि खोलीच्या मधोमध ओढल्या. तेराही जण मधल्या जागेत, एकमेकांना चिकटून, दप्तरं मांडीवर घेऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, त्या दिवशी सांगितलं नव्हतं. त्याआधीचे दोन महिने शाळेच्या आवारात पाऊल टाकलं की मी एकच ओरडत होते, भिंतीपासून लांब.

"अरे, बसा की नीट. टेकून बसा. ही भिंत पक्की आहे, साहेबांनी तपासली आहे."

कुणी हललं नाही. पहिलीतली एक तांड्यातली पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमी टेका पयले."

मी भिंतीपाशी जाऊन खाली बसले. पाठ लावली. तेराही जणांचे डोळे माझ्यावर. पोरीने मान हलवली.

"असं नाई. तुमी पायावर जोर देऊन राह्यल्या."

तिचं बरोबर होतं. पाठ भिंतीला लागली होती, पण सगळा भार मी टाचांवर धरून ठेवला होता. सही मी पाहिली होती, लेप पाहिला होता, चर माझ्यासमोर खणला होता, आणि तरीही माझं अंग त्या भिंतीवर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मी पाय लांब केले. मग हळूहळू पाठ सोडली, मग मान, मग डोकं. भिंत थंड होती आणि कोरडी होती. किती थकले आहे ते मला तिथे, त्या मुलांसमोर कळलं. त्यांना 'या आता' म्हणायचं होतं, त्याऐवजी हाताने शेजारची जमीन थोपटली आणि तशीच टेकून राहिले.